‘शिक्षा’ म्हणजे काय? हिंदी शब्दांची मुळे आणि विज्ञानाची भाषा

हिंदीचा तास सुरू होता. फळ्यावर एक वाक्य होते : ‘शिक्षा हर बच्चे का अधिकार है.’ एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “बाई, शिक्षेचा अधिकार कशाला हवा कुणाला?” वर्ग हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी अर्थ सांगितला : हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मुलीने वहीत लिहून घेतले आणि पाठ पुढे गेला.

पण त्या प्रश्नापाशी जरा थांबायला हवे होते. एकच शब्द, एकच लिपी, दोघांचे मूळही एकच. मग एका भाषेत तो शाळेचे नाव झाला आणि दुसऱ्या भाषेत छडीचे, हे कसे? मूळ संस्कृत ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ या धातूचे इच्छादर्शक रूप आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शक् म्हणजे शकणे, जमणे. तेव्हा शिक्ष् म्हणजे ‘जमावे अशी इच्छा करणे’. आपले ‘शिकणे’ आणि हिंदीतले ‘सीखना’ त्यातूनच आले. शिकवणे, मग वळण लावणे, मग वळण लावण्यासाठी दंड करणे अशी मराठीतली वाट. हिंदीने पहिला अर्थ धरून ठेवला. आपल्या शाळांचा इतिहासच जणू या एका शब्दात उतरला आहे.

असे शब्द आणखीही आहेत. मराठीत ‘अभ्यास’ म्हणजे अध्ययन, हिंदीत सराव. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. विज्ञानाच्या शिक्षकांना तर एक शब्द हमखास अडवतो. आपण ‘संशोधन’ म्हणतो ते हिंदीत ‘अनुसंधान’ किंवा ‘शोध’. आणि हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘संविधान संशोधन’ म्हणजे राज्यघटनेवरचे संशोधन नव्हे, तर घटनादुरुस्ती. धातू ‘शुध्’, म्हणजे स्वच्छ करणे. हिंदीने मजकूर स्वच्छ केला, मराठीने ज्ञान.

अशा शब्दांची यादी पाठ करून घेणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग त्यांची मुळे खणण्याचा. तो जास्त वेळ खातो, पण त्यातून हिंदी तर कळतेच, शिवाय विज्ञानाची भाषा कशी घडली हेही कळते.

वाघ आणि बाघ

मुलांना एक छोटा प्रयोग करायला सांगा. मराठी आणि हिंदी शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहा : वाघ–बाघ, वीस–बीस, विंचू–बिच्छू, वांगे–बैंगन, वासरू–बछड़ा, विकणे–बिकना. थोड्याच वेळात कुणीतरी म्हणेल, “आपला ‘व’ हिंदीत ‘ब’ होतो.” हा झाला नियम. आता तो तपासायचा. हिंदीत ‘विद्युत’, ‘वन’, ‘वर्षा’ हे शब्द आहेत, त्यांत तर ‘व’ शाबूत आहे! मग नियम चुकला का?

नाही. हिंदीत ‘बिजली’ही आहे आणि ‘बरसात’ही आहे. संस्कृत ‘विद्युत्’ प्राकृतात ‘विज्जु’ झाला. त्यापासून मराठीत ‘वीज’ आली आणि हिंदीत ‘बिजली’. हा शब्द लोकांच्या तोंडून शतकानुशतके झिजत आला, म्हणून तो तद्भव. ‘विद्युत’ मात्र पुढे केव्हातरी पंडितांनी ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला. तो तत्सम. त्याला झिजायला वेळच मिळाला नाही. जमिनीच्या थरांसारखेच हे आहे. कोणता शब्द कोणत्या थरातला, हे त्याच्या रूपावरून ओळखता येते. ‘वकील’ हा शब्दही ‘ब’ने सुरू होत नाही, कारण तो अरबीतून आलेला, आणखी वेगळ्या थरातला.

अशीच एक जोडी वाफेची. संस्कृत ‘बाष्प’, त्याचेच दुसरे रूप ‘वाष्प’. प्राकृतात ‘बप्फ’ झाले. मराठीत ‘वाफ’. हिंदीत शेवटच्या ‘फ’मधला हकार उडी मारून पुढे गेला आणि ‘भाप’ झाले. आता विज्ञानाचे पुस्तक उघडा. मराठीत ‘बाष्पीभवन’, हिंदीत ‘वाष्पन’ किंवा ‘वाष्पीकरण’. चहाच्या भांड्यावरची वाफ रोज पाहणाऱ्या मुलाला हा शब्द परका वाटतो, कारण ‘बाष्प’ म्हणजे आपली ‘वाफ’च आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

नाव कुठून आले?

‘हिंदी’ हे नाव तरी कुठले? आपल्या ‘स’च्या जागी प्राचीन इराणी भाषांत ‘ह’ येतो. आपला सोम तो त्यांचा हओम, आपला असुर तो त्यांचा अहुर, आपले सप्त ते त्यांचे हप्त. सिंधूचेही तसेच झाले. इराणच्या दारयवहु राजाच्या शिलालेखांत सिंधूकाठच्या प्रांताचे नाव ‘हिंदुश’ असे आहे. पुढे फारसीत ‘हिंद’ आणि त्याला ‘ई’ प्रत्यय लागून ‘हिंदी’, म्हणजे हिंदचा, हिंदची. अमीर खुस्रोने (१२५३–१३२५) आपल्या इथल्या बोलीला ‘हिंदवी’ म्हटले तेही याच मुळातून. फारसीतून आलेला प्रत्येक शब्द हिंदीतून काढायचा म्हटले, तर सुरुवात तिच्या नावापासूनच करावी लागेल.

जाता जाता : फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून सात दिवसांचा ‘हफ्ता’. मराठीत तो ‘हप्ता’ होऊन कर्जफेडीला चिकटला. आणि आठवड्याला मात्र आपण ‘आठ’वरून नाव दिले. सात दिवसांना आठ का म्हणावे, हा प्रश्न मुलांसाठी सोडून देऊ.

गद्य हवे होते

हिंदी साहित्याचा जुना खजिना पद्याचा आहे, आणि तो एका बोलीतला नाही. जायसीचा ‘पद्मावत’ आणि तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ अवधीत, सूरदासांची पदे ब्रजभाषेत. आज शाळेत शिकवली जाते ती हिंदी दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीवर उभी आहे, आणि तिचे गद्य बरेच अलीकडचे आहे.

१८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायच्या होत्या. तिथे जॉन गिलख्रिस्टच्या हाताखाली पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. लल्लूलालांचा ‘प्रेमसागर’ याच कामातून झाला. त्यांनी आपल्या लेखनातून फारसी-अरबी शब्द शक्यतो बाजूला ठेवले. याच सुमारास लखनौमध्ये इंशा अल्ला खाँ यांनी ‘रानी केतकी की कहानी’ लिहिली. त्यांनी स्वतःला अटच घालून घेतली होती : फारसी-अरबी नको, आणि जड संस्कृतही नको, घरातल्या बोलीतच गोष्ट सांगायची. ती त्यांनी सांगून दाखवली.

म्हणजे प्रश्न पहिल्यापासून तोच होता. शब्द कुठल्या विहिरीतून काढायचे? १८३७ नंतर उत्तरेच्या कचेऱ्यांतून फारसी गेली आणि तिच्या जागी फारसी लिपीतली उर्दू आली. मग वाद तापला. राजा शिवप्रसाद ‘सितारेहिंद’ बोलण्यातल्या, उर्दूला जवळच्या शब्दांच्या बाजूचे. राजा लक्ष्मणसिंह संस्कृतनिष्ठ शैलीचे. भारतेंदु हरिश्चंद्रांनी (१८५०–१८८५) मधली वाट काढली आणि आधुनिक हिंदी गद्याला चालते केले. पुढे प्रेमचंद (१८८०–१९३६) आधी उर्दूत आणि मग हिंदीत लिहू लागले. त्यांच्या गद्यात दोन्ही विहिरींचे पाणी आहे. त्यांचे वाक्य आजही सातवीतल्या मुलाला कोशाविना कळते.

सात विषयांचा कोश

गोष्ट सांगायला घरातली बोली पुरते. पण रसायनशास्त्र सांगायचे तर?

१६ जुलै १८९३ रोजी काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. स्थापन करणारे श्यामसुंदर दास आणि त्यांचे सोबती तेव्हा विद्यार्थीच होते. कचेऱ्यांत नागरी लिपी चालावी यासाठी झटणाऱ्या या सभेने विज्ञानाच्या शब्दांचे कामही अंगावर घेतले. १९०६ साली तिचा वैज्ञानिक कोश छापून निघाला. खगोल, रसायन, भूगोल, गणित, तत्त्वज्ञान, भौतिकी आणि अर्थशास्त्र असे त्यात सात विषय होते. हिंदीतून विज्ञान शिकवणारी महाविद्यालये जवळपास नव्हतीच, तेव्हाचे हे काम.

काशीतल्या पंडितांची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. गणिती सुधाकर द्विवेदींनी १८८०च्या दशकातच हिंदीत ‘चलन कलन’ हे पुस्तक लिहिले होते. बदलत्या राशींचे गणित, म्हणून ‘चलन कलन’. शब्द ऐकताच अर्थाचा धागा हाती लागतो.

या कोशाच्या अर्थशास्त्राच्या भागावर काम करणारे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी घरातले. जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. १९०१ मधली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतल्या सुरुवातीच्या कथांपैकी एक मानली जाते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही तेच.

मग आला ‘हिंदी शब्दसागर’. १९०८ साली काम सुरू झाले, १९२९ साली पहिली आवृत्ती पुरी झाली. सुमारे एक लाख शब्द आणि दोन दशके. संपादकांत रामचंद्र शुक्ल होते. या कोशाला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना वाढून ‘हिंदी साहित्य का इतिहास’ हे पुस्तक झाले, तेही १९२९ सालीच. म्हणजे हिंदी साहित्याचा सर्वांत गाजलेला इतिहास कोशाच्या पोटातून जन्मला! याच शुक्लांनी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांचे विश्वाच्या कोड्यावरचे पुस्तक हिंदीत आणले. त्याचे नाव ‘विश्वप्रपंच’. मराठी वाचकाला प्रपंच म्हटले की घरसंसार आठवतो. शुक्लांच्या मनात होता सृष्टीचा पसारा.

साहित्य आणि विज्ञान यांची घरे तेव्हा इतकी लांब नव्हती. ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी १९०८ साली ‘संपत्तिशास्त्र’ लिहिले. १९१३ साली प्रयागला विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९१५ पासून तिचे ‘विज्ञान’ हे मासिक निघू लागले. सभेचा कोश शब्द देत होता. मासिके ते वापरून झिजवत होती. दोन्ही कामे सारखीच गरजेची होती.

आज रात्री हवा असलेला शब्द

वर्तमानपत्राला कोशासाठी वीस वर्षे थांबता येत नाही. तार इंग्रजीत येते आणि सकाळी हिंदीत छापायची असते. काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे (स्थापना १९२०) संपादक बाबूराव विष्णु पराडकर हेही मराठी कुळातले. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. स्फीति म्हणजे फुगणे. मुद्रा फुगली की भाव चढतात. मराठीने यासाठी ‘चलनवाढ’, ‘चलनफुगवटा’ म्हटले. दोन्ही भाषांनी चित्र एकच पाहिले, फुगण्याचे. हिंदीने ते संस्कृतात रंगवले, मराठीने फुगवट्यात.

एक पद्धत, आणि तिची मर्यादा

स्वातंत्र्य आले तसा हजारो शब्द एकदम हवेत असा तगादा लागला. संविधानाच्या ३४३व्या कलमाने देवनागरीतली हिंदी संघराज्याची राजभाषा ठरवली. ३५१व्या कलमाने सांगितले की तिने हिंदुस्तानी आणि इतर भारतीय भाषांतून घ्यावे, आणि शब्दांसाठी मुख्यतः संस्कृताकडे जावे.

या कामात सर्वांत मोठी उडी घेतली डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांनी. लाहोरहून त्यांची संस्था १९४६ साली नागपूरला आली. नागपूर तेव्हा हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी, त्यामुळे शब्द दोघींसाठी हवे होते. त्यांचा विचार गणितासारखा होता : काहीशे धातू, वीसबावीस उपसर्ग, काही प्रत्यय. यांची जुळणी केली की लाखो शब्द. या पद्धतीचे बळ पाहायचे तर ‘विधि’ घ्या. विधान, विधायक, विधेयक, वैध, अवैध, संविधान : एका मुळातून सगळे कुटुंब उभे राहते. ‘कानून’पासून इतके शब्द काढता येत नाहीत.

पण मूलद्रव्यांनाही त्यांनी संस्कृत नावे दिली. ऑक्सिजन झाला ‘जारक’, हायड्रोजन ‘उदजन’, नायट्रोजन ‘भूयाति’. ‘जारण’ ही आपल्या जुन्या रसशास्त्रातली संज्ञा, त्यावरून जारक. रचना निर्दोष होती. तरी शब्द रुळले नाहीत. लोकांनी थट्टाही केली. त्यांच्या नावावर खपवलेले कित्येक विनोदी शब्द तर थट्टेखोरांनीच रचलेले होते.

का रुळले नाहीत? ऑक्सिजन या नावाचाच विचार करा. लाव्हाझिएने ते ग्रीकवरून घडवले. अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतो असे त्याला वाटत होते. पुढे कळले की तसे नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. नाव चुकीचे ठरले, तरी टिकले. म्हणजे शब्द टिकतो तो त्याच्या व्युत्पत्तीमुळे नव्हे, तर किती हातांनी तो वापरला यामुळे.

१९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. पहिले अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी. आयोगाने तडजोडीची वाट धरली. मूलद्रव्यांची नावे, मापांची एकके, व्यक्तींवरून पडलेली नावे, चिन्हे जगात आहेत तशीच ठेवायची. कल्पना सांगणारे शब्द भाषांतरित करायचे. आणि ‘तार’, ‘महाद्वीप’ असे आधीच रुळलेले शब्द हलवायचे नाहीत. आजची हिंदी पाठ्यपुस्तके साधारण याच वाटेने जातात.

अणु, रेणु, परमाणु

तरी एक गुंता राहिलाच, आणि तो वर्गात रोज भेटू शकतो. मध्य प्रदेशातून बदलून आलेल्या मुलाला विचारा, पाण्याचा सर्वांत लहान कण कोणता? तो म्हणेल, ‘अणु’. मराठी माध्यमाचा शिक्षक म्हणेल, चूक, ‘रेणू’. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे हिंदीतला ‘परमाणु’. म्हणून आपण ‘अणुऊर्जा’ म्हणतो, हिंदी पुस्तक ‘परमाणु ऊर्जा’ म्हणते.

चूक कुणाचीच नाही. वैशेषिक दर्शनात परमाणु हा अविभाज्य कण. परमाणु जुळून द्व्यणुक होते, आणि कवडशात नाचताना दिसतो तो त्रसरेणु. परमाणु, अणु, रेणु अशी ही चढती शिडी आहे. आधुनिक रसायनशास्त्राला दोनच पायऱ्यांना नावे हवी होती. हिंदीने खालच्या दोन पायऱ्या घेतल्या, मराठीने वरच्या दोन. ही शिडी फळ्यावर काढली की दोन मिनिटांत गुंता सुटतो. नाही काढली, तर त्या मुलाला ठाऊक असलेले बरोबर उत्तर आपण लाल शाईने खोडतो.

त्रिकोणाचेही तसेच. आपण कोन मोजले, म्हणून त्रिकोण. हिंदीने बाजू मोजल्या, म्हणून त्रिभुज. उर्दू पुस्तकात तो ‘मुसल्लस’, अरबी तीनावरून. आकृती तीच. नाव म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे पाहण्याची एक जागा आहे, हे शिकवायला याहून सोपा धडा कुठला?

वर्गात काय करता येईल?

फार काही लागत नाही. विज्ञानाचा नवा शब्द आला की त्याचे घरातले भावंड शोधायचे. बाष्प म्हटले की वाफ, विद्युत म्हटले की वीज. मग हिंदीतले भावंड : भाप, बिजली. ज्यांच्या घरी उर्दू, गुजराती किंवा आदिवासी बोली आहे त्या मुलांना त्यांचा शब्द विचारायचा आणि तोही फळ्यावर लिहायचा. नियम दिसला तर मांडायचा, अपवाद सापडला तर शोधायचे की तो कुठल्या थरातला. निरीक्षण, अंदाज, पडताळा : विज्ञानाच्या तासाला आपण हेच तर करतो.

यात मुलाच्या वाट्याला काय येते? पुस्तकातला जड शब्द वरून पडलेला नाही, कुणीतरी रात्र जागवून, वाद घालून, चुकत-माकत घडवलेला आहे, हे त्याला कळते. आणि त्याच्या घरातला शब्द अडाणी नाही, त्याच कुळातला आहे, हेही कळते. आपल्या शब्दाची लाज वाटणारे मूल प्रश्न विचारत नाही.

त्या मुलीने प्रश्न विचारला होता. शिक्षेचा अधिकार कशाला हवा? ‘शिक्ष्’ म्हणजे ‘जमावे अशी इच्छा’, हे तिला सांगितले असते, तर तिच्या प्रश्नाचे उत्तर तिचे तिलाच सापडले असते.